वहिनी, ताट जरा पडवीत आणा!

जेवण एकदम फर्स्ट क्लास, पण मोबाइलवरचा फोटो बघून गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. रत्नागिरीतल्या छोट्या खानावळींचं हे दुखणं आहे आणि त्यावरचं औषध चक्क तुमच्या खिशात आहे!

मे महिन्यातली दुपार. दीड वाजलेला. रत्नागिरीतल्या एका गल्लीतल्या खानावळीत मी सुरमईच्या तुकडीवर ताव मारत बसलो होतो. बाहेर पुण्याच्या नंबरप्लेटची गाडी थांबली. आत चौघं, आपल्याच वयाची. काच खाली झाली, आतून मसाल्याचा वास घेतला गेला, एकीने मोबाइल काढला, स्क्रीन बाकीच्यांना दाखवली. एकाने तोंड वाकडं केलं. काच वर. गाडी गेली!

खानावळवाल्या वहिनी दारातच उभ्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ''हे आजचं तिसरं हो. थांबतात, फोनमध्ये बघतात नि जातात. काय बघतात कोण जाणे!''

मी माझा फोन काढला. खानावळीचं नाव टाकलं. पहिलाच फोटो बघून माझाही घास अडकला. अर्धं संपलेलं ताट, कडेला काटे, ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवट दिसणारा भात आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. तीन वर्षांपूर्वी कुणा गिऱ्हाइकाने जेवता जेवता काढून टाकलेला. गंमत म्हणजे त्याखाली त्याने लिहिलं होतं, 'अप्रतिम चव'. पण चव कोण वाचतं? आधी फोटो दिसतो!

''अरे बाबा, जेवण तोंडात घालायचं की फोटोत?'' वहिनींचा सवाल. सवाल बिनतोड होता. पण उत्तर गाडीतून निघून गेलं होतं.

पहिला घास डोळ्यांचा

मुंबईहून रत्नागिरी साधारण साडेतीनशे किलोमीटर. हातखंब्याला हायवे सोडून आत वळलेला, भुकेने कावलेला माणूस गल्लीबोळ फिरून खानावळ शोधत नाही. त्याचा अंगठाच शोधतो. पूर्वी एसटी स्टॅण्डवर उतरलं की रिक्षावाल्याला विचारायचं, 'काका, जेवण कुठे चांगलं?' आता तो मान मॅपला आहे. रिक्षावाल्या काकांनी तिथे जेवलेलं असायचं, मॅपने मात्र फक्त फोटो पाहिलेला असतो. प्रॉब्लेम इथेच आहे.

जेवण आधी डोळ्यांना खिलवायचं, ही आयडिया काही आजची नाही. जपानमध्ये हॉटेलच्या काचेमागे पदार्थांचे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. ताकिझो इवासाकी या माणसाने १९३२ मध्ये ओसाकात मेणाचे असे नमुने बनवण्याचा धंदा सुरू केला. भाषा कळो न कळो, काचेकडे बोट दाखवायचं, तोच पदार्थ टेबलवर! आज मेणाऐवजी प्लास्टिक आलं, पण फंडा तोच. आपल्याकडे झोमॅटोची सुरुवातही अशीच साधी. २००८ मध्ये ऑफिसातल्या दोघांनी हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून नेटवर चढवली. तेव्हा मेनू दिसला तरी लोक खूश होते. आज मेनू असून भागत नाही, ताट दिसायला लागतं.

मोठ्या हॉटेलांचं बरं असतं. फोटोग्राफर येतो, सोबत फूड स्टायलिस्ट, लाइट्स, दिवसभराचं शूट. पहाटे उठून मासळी आणणाऱ्या, दुपारी चाळीस पानं वाढणाऱ्या आणि संध्याकाळी भांडी घासायला बाई आली नाही म्हणून स्वतःच बसणाऱ्या वहिनींनी हे कधी करायचं? म्हणून मग त्यांचं सगळं 'मार्केटिंग' त्या अंगठेवाल्या फोटोच्या हातात!

नेटवरून उचललेला आंबा

यावर एक सोपा उपाय बरेच जण करतात. नेटवरून एखादा चकाचक फोटो उचलायचा आणि लावून टाकायचा. असाच एक अनुभव मी घेतलाय. कोकणातल्या एका हॉटेलच्या बोर्डावर भला थोरला लॉबस्टर, शेजारी लिंबाची फुलं, मागे निळंशार पाणी. आत गेलो तर, ''लॉबस्टर? नाही हो, तो नुसता फोटो आहे.'' मग जे पुढ्यात आलं ते खरं तर चांगलं होतं. पण मी तोंड पाडूनच जेवलो. फोटोने चांगल्या जेवणाचीही माती केली!

आता तर एआयने याहून सोपं केलंय. चार शब्द टाइप करा, फोटो तयार. पण हा शॉर्टकट अंगलट येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोच्या दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं, की हॉटेलांच्या मेनूमधले एआयने बनवलेले पदार्थांचे फोटो काढून टाकणार. कारण भावनिक नव्हतं, धंद्याचं होतं. अशा फोटोंमुळे गिऱ्हाइकांचा विश्वास उडतो, तक्रारी वाढतात, पैसे परत द्यावे लागतात, रेटिंग पडतं. त्याऐवजी खरे फोटो काढून हवे असतील, तर ते फक्त खर्चाच्या किमतीत काढून देऊ, असंही त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

अमेरिकेतला एक किस्सा तर सॉलिड आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी कॅम्पबेल या सूप बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत सूपच्या वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. का? तर भाज्यांचे तुकडे तळाशी बसतात, ते गोट्यांवर चढून वर दिसावेत म्हणून! तिथल्या सरकारी आयोगाने हे पकडलं आणि १९७० मध्ये कंपनीला असले प्रकार थांबवायला लावले. सूप खरं होतं, भाज्या खऱ्या होत्या, पण 'किती' हे खोटं होतं. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा दखल घेण्याजोगा मामला आहे.

आणि हे रत्नागिरीकराला शिकवायची काय गरज? दुसरीकडचा आंबा 'रत्नागिरी हापूस' लिहिलेल्या पेटीतून विकला गेला की आपलं टाळकं किती सटकतं! त्यासाठीच तर कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग दुसऱ्याच्या ताटाचा फोटो आपल्या नावावर लावणं वेगळं कसं? तोही परक्या पेटीतला आंबाच!

स्टुडिओ? तो तर घरालाच आहे!

तर मी वहिनींना म्हटलं, ''एक ताट वाढा. फोटो काढू.'' त्यांनी ट्यूबलाइट लावली, वर बल्बही लावला. मी दोन्ही बंद केले. त्या माझ्याकडे, विजेचं बिल भरणारा जावई आल्यासारखं बघायला लागल्या!

फंडा असा आहे. ट्यूबचा उजेड एका रंगाचा, बल्बचा दुसऱ्या, दारातून येणारा तिसऱ्या. तिन्ही एका ताटावर पडले की कॅमेरा गोंधळतो. भात हिरवट, भाकरी पिवळट, कालवण तपकिरी. उजेड एकच हवा, आणि शक्यतो दिवसाचा. फ्लॅश तर नकोच. तो समोरून आदळतो, पदार्थाची उंची सपाट करतो आणि तेलावर पांढरे डाग पाडतो.

मग बाहेर अंगणात जायचं? तेही नाही. भर दुपारचं ऊन सावल्या काळ्या करतं. याच्या मधली जागा कोकणातल्या घराला आयती मिळालेली आहे. पडवी! वर छप्पर, एक बाजू उघडी, उजेड मऊ आणि बाजूने येणारा. शहरातले फोटोग्राफर असा उजेड मिळवण्यासाठी मोठमोठ्या छत्र्या उभ्या करतात. पडवी नसेल, तर खिडकी. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर त्यावर धुतलेलं पांढरं धोतर किंवा ओढणी टांगा, काम झालं.

उजेड एका बाजूने आला की दुसरी बाजू काळवंडते. तिथे एक पांढरा कागद उभा धरायचा, उजेड परततो. वहिनी उत्साहाने भिंतीवरचं कालनिर्णय काढायला निघाल्या. म्हटलं, ते नाही चालणार, त्याच्या मागे पाककृती छापलेल्या असतात! शेवटी धाकट्या मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद कामी आला.

पांढऱ्या जेवणाचं टेन्शन

कोकणी जेवणाची एक खास गोची आहे. आपलं बरंचसं जेवण पांढरं! भात, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, ओलं खोबरं, उकडीचे मोदक. आणि कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोरचं सगळं मध्यम राखाडी असणार, असं धरून तो उजेड मोजतो. त्यामुळे पांढराशुभ्र मोदक फोटोत शिळ्या पिठाच्या गोळ्यासारखा करडा येतो. उपाय एका बोटाचा. स्क्रीनवर मोदकावर टॅप करा, सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसेल, ती थोडी वर सरकवा. मोदक उजळेल. फक्त पाकळ्यांच्या चुण्या दिसेनाशा होईपर्यंत सरकवू नका. शिवाय पांढऱ्या बशीत पांढरा मोदक ठेवू नका. खाली केळीचं पान किंवा वाफवताना घातलेलं हळदीचं पान असू द्या.

तळलेल्या माशाचं उलटं. रवा लावलेली तुकडी तपकिरी, टेबल तपकिरी, कालवण तपकिरी. मग डोळा कुठे ठरणार? लिंबाची फोड, कांद्याच्या चकत्या, चिमूटभर कोथिंबीर. वाढताना जे देता तेच, फक्त फोटोत दिसेल असं.

स्टीलच्या ताटाची वेगळीच तऱ्हा. ते आरसा होतं. वहिनींच्या पहिल्या फोटोत ताटाच्या काठावर मी, माझा फोन आणि मागचा पंखा असे तिघंही आलो होतो! ताट थोडं फिरवायचं, आपण थोडं सरकायचं. नाहीच जमलं तर केळीचं पान. स्टील झाकलं जातं आणि हिरव्यावर बाकी सगळं उठून दिसतं.

सोलकढीचा गुलाबी रंग हा तर कोकणी ताटाचा हीरो. तिला वाटीत कोंडू नका, काचेच्या ग्लासात द्या. थोडा वेळ ठेवली की ती फुटल्यासारखी वेगळी होते, म्हणून फोटोआधी एकदा ढवळायची. आणि फिल्टर लावून ती आणखी गुलाबी करायची नाही. समोर आलेला ग्लास फोटोपेक्षा फिका निघाला की गिऱ्हाईक 'पाणी घातलंय' म्हणणार. आगळ किती चांगलं होतं, हे त्याला कोण सांगणार?

आजीचं फूड स्टायलिंग

आता अँगल. वाडग्यातलं कालवण, मोदकांची रास, ग्लास यांना तिरका, म्हणजे जेवायला बसल्यावर जसं दिसतं तसा अँगल. पण पूर्ण ताट दाखवायचं असेल तर सरळ वरून. इथे मला एक शोध लागला. ताटात काय कुठे ठेवायचं, हे मी वहिनींना सांगायला गेलो आणि गप्प बसलो. कारण त्यांनी आपसूक वाढलं होतं. वर मीठ, लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, वाटीत कालवण. मध्ये भाताची मूद. वरून बघितलं तर एकदम पर्फेक्ट कॉम्पोझिशन!

आपण ज्याला 'प्लेटिंग' म्हणून कोर्स लावतो, ते आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या. डावं-उजवं, ओलं-कोरडं, रंगाला रंग. पंगतीत पानाभोवती रांगोळी काढायचे, ती फ्रेमच की! वहिनींना हे सांगितलं तर त्या लाजल्या. म्हणाल्या, ''म्हणजे मला येतं होय फोटोतलं?'' त्या वाक्यापासून त्या माझ्या असिस्टंट राहिल्या नाहीत, मी त्यांचा झालो. ''वाटी जरा अलीकडे घे रे. भाकरी दुमडून ठेव, पदर सुटलेला दिसतो.'' खरंच, भाकरी दुमडली आणि ताट घट्ट दिसायला लागलं.

एकच गोष्ट मी त्यांच्याकडून करून घेतली, ती म्हणजे घाई. तळलेली तुकडी चार-पाच मिनिटांत मरगळते, मोदकाची उकड वाऱ्यावर सुकून तडकते, तुपाची धार जिरून जाते. म्हणून आधी रिकाम्या ताटावर उजेड, अँगल सगळं ठरवायचं. मासा तव्यावरून थेट फोटोत. तूप सगळ्यात शेवटी!

जूनमध्ये सुरमई कुठून आणणार?

फोटो सुंदर आला म्हणजे काम संपलं नाही. रत्नागिरीचं जेवण कॅलेंडरवर चालतं. हापूस उन्हाळ्यातला. पावसाळ्यात साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, मिरकरवाडा बंदर थंडावलेलं. अशा वेळी जुलैत आलेला टुरिस्ट ताज्या सुरमईचा फोटो बघून येतो, डिसेंबरमध्ये आलेला आमरसाच्या वाटीचा. मग 'आज नाही हो' ऐकावं लागतं, आणि तो एक स्टार देऊन जातो.

खरं तर पावसाळ्यातलं ताट काही कमी देखणं नसतं. कुळथाची पिठी, टाकळ्याची नाहीतर भारंगीची भाजी, सुक्या बांगड्याचा तुकडा, गरम भात. शहरातल्या माणसाला हे कुठे मिळतं? पण त्याचा फोटोच कुणी लावत नाही, म्हणून ते कुणी मागत नाही. ऑफ सीझनला खानावळी रिकाम्या, चूल मात्र रोज पेटवावीच लागते. वर्षातून तीन-चारदा फोटो बदलले, तर निदान 'आज इथे काय मिळेल' हे लोकांना खरं कळेल. पावसात कोकण बघायला येणारी गर्दी काही थोडी नाही, तिला फक्त पिठीभाताचा पत्ता हवाय!

फोटोखाली नावही नीट हवं. नुसतं 'फिश थाळी' नको. 'सुरमई थाळी - एक तुकडी, कालवण, दोन भाकऱ्या, भात, सोलकढी'. एक तुकडी देत असाल तर फोटोतही एकच. गोट्या आठवा!

आपण काय करायचं?

गुगलवर खानावळीच्या मालकाला स्वतःचं पान फुकट मिळतं. फोन नंबर वगैरे देऊन 'हे माझंच' असं एकदा सिद्ध केलं, की मालक स्वतः फोटो चढवू शकतो. गिऱ्हाइकाने टाकलेला खराब फोटो नुसता खराब आहे म्हणून काढता येत नाही, पण चांगल्या फोटोंची भर घालणं आपल्या हातात असतं. वहिनींना हे माहीतच नव्हतं. त्यांच्या खानावळीचं पान तीन वर्षं मालकाविना पडलं होतं.

आणि म्हणूनच हा लेख वहिनींसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. सुट्टीत गावाला आलेल्या, हातात महागडा फोन असलेल्या, ऑफिसात दिवसभर प्रेझेंटेशन सजवणाऱ्या तुमच्यासाठी! आपण गणपतीपुळ्याला जातो, भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे शंभर फोटो काढतो. सूर्याला काही त्याची गरज नसते! त्यातला एक तास मावशीच्या, शेजारच्या वहिनींच्या, नेहमीच्या खानावळीला दिला तर? जेवून झाल्यावर नाही, जेवायच्या आधी. आणि फोटो स्वतःच्या अकाउंटवर टाकून लाइक्स मोजण्याआधी ते मालकाच्या फोनवर पाठवायचे.

झटपट टिप्स

- आधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरात ती तेलकट असतेच. निम्मे फोटो इथेच सुधारतात.
- फ्लॅश, ट्यूब, बल्ब बंद. पडवी किंवा खिडकी. वेळ सकाळची नाहीतर चारच्या सुमाराची.
- वाइड लेन्स नको, ताट लंबगोल होतं. झूमही नको, दोन पावलं पुढे जा.
- पोर्ट्रेट मोड जपून. वाटीची कडच पुसली जाते.
- पांढरा पदार्थ असेल तर उजेडाची पट्टी थोडी वर.
- काठावर सांडलेलं कालवण ओल्या फडक्याने पुसा. मागची बादली, कॅलेंडर, चपला हलवा.
- एक फोटो ताटाचा, एक खास पदार्थाचा, एक बसायच्या जागेचा, एक बाहेरच्या बोर्डाचा. शेवटच्या फोटोमुळे गल्ली सापडते.
- फिल्टर नको. कुणी विचारलं 'हे असंच मिळेल?' तर छातीठोकपणे 'हो' म्हणता आलं पाहिजे.

आणि वहिनींचं काय झालं?

त्या दिवशी आम्ही सहा फोटो चढवले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही एक गाडी थांबली आणि निघून गेली. पण मी पुण्याला परतल्यावर आठवड्याने वहिनींचा फोन आला. एक कुटुंब आलं होतं. मेनू मागितलाच नाही. त्यांच्या मुलीने फोन पुढे केला आणि म्हणाली, 'हे द्या'. वहिनींनी वाढलं. तिने फोटोकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि आईला म्हणाली, 'सेम आहे गं!'

''चांगलं आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटले रे,'' वहिनी म्हणाल्या, ''पण सेम आहे, हे पहिल्यांदाच ऐकलं. बरं वाटलं.''

मग थोडं थांबून, ''पावसाळ्यात कधी येतोस? पिठीचा फोटो काढायचा राहिलाय.''